एकशेविसावा

सौदीतल्या हुफूफच्या त्या मेडिकल कॉलेजात दिवसाची सुरुवात अंगठ्याने होत असे. दारापाशी भिंतीवर एक काळं यंत्र होतं, त्याला सगळे 'बसमा' म्हणत. साडेसातच्या आत त्यावर उजवा अंगठा टेकवायचा. हिरवा दिवा लागला की माणूस हजर. डीनपासून झाडूवाल्यापर्यंत सर्वांना हा नियम होता आणि डीन सोडून सगळे तो पाळत.

प्राध्यापक श्रीकांत बेंद्रे सात वीसलाच तिथे पोचायचे. अकरा वर्षांत आपल्याला एकदाही लाल दिवा लागला नाही, याचा त्यांना अभिमान होता. अभिमान बाळगण्यासारखं दुसरं काही हाताशी नसलं की माणूस असल्या गोष्टींवर भागवतो. मूळचे सांगलीचे, विषय संख्याशास्त्र, वय बावन्न, रक्तात थोडी साखर. रोज पॉलिश केलेले तपकिरी बूट, त्यातल्या डाव्या बुटाच्या नाडीचं टोक उसवलेलं. ते बायकोने, सरोजवहिनींनी, काळ्या दोऱ्याने गुंडाळून शिवून दिलं होतं. धंदा आकड्यांचा, जोडधंदा तिरस्काराचा, आणि जोडधंदा जास्त जोरात चालायचा.

त्या तिरस्काराला कॉलेजने नवीन खाद्य पुरवलं होतं. डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षापासून निवडक विद्यार्थ्यांनी वॉर्डातलं शिक्षण चालू असतानाच संशोधनाची मास्टर्स पदवीही करायची, अशी योजना निघाली होती. सकाळी पेशंट, दुपारी आकडे. पहिल्या तुकडीत पाच जण होते आणि पाचांचेही आकडे श्रीकांतरावांच्या हाताखालून जायचे. "यांना अजून धड शीर सापडत नाही आणि हे शोध लावणार," असं ते घरी जेवताना म्हणत. "अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेत सगळे." सरोजवहिनी आमटी वाढत राहत. त्यांनी हे वाक्य पुष्कळदा ऐकलं होतं.

पाचांतली सगळ्यात नकोशी म्हणजे रीम. हुफूफचीच मुलगी, पाचव्या वर्षाला. आजोबांची खजुराची बाग होती, तिथल्या माणसांचे पाय बघत ती लहानाची मोठी झाली होती. विषयही तिने तसलाच घेतला: बागेतल्या ओल्या चिकणमातीत अनवाणी काम करणाऱ्या मधुमेही माणसांच्या तळव्यांची संवेदना किती जाते आणि किती वेगाने जाते. तपासणी साधी होती. काडीला लावलेला नायलॉनचा ताठ दोरा डोळे मिटलेल्या पेशंटच्या तळव्याला दहा ठिकाणी टेकवायचा. जाणवलं की त्याने 'ऐवा', म्हणजे हो, म्हणायचं. दहापैकी किती, तो आकडा लिहायचा. दर तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

"चेहरे बघू नकोस," श्रीकांतरावांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "नाव विचारू नकोस. चेहरा पाहिला की दया येते, आणि दया आली की आकडा चुकतो. तुझ्यासाठी पेशंट म्हणजे एक नंबर आणि दोन पाय."

रीमने ते वहीत लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची. याचाही त्यांना राग येई.

तो २०१७ सालचा नोव्हेंबर होता. सौदीकरण नवं नव्हतं, पण त्या हिवाळ्यात त्याने वेग घेतला होता. वरून यादी यायची, यादीतल्या जागेवर स्थानिक माणूस यायचा आणि स्टाफरूममध्ये जुन्याच्या निरोपाचा केक कापला जायचा. तीन महिन्यांत चार केक झाले होते. श्रीकांतरावांचा करार जूनमध्ये संपत होता आणि मुलगी शिवांगी इंडियन स्कूलमध्ये अकरावीला होती. अकरावीत जिथे नाव नोंदलं, बारावीही तिथूनच द्यावी लागते. बापाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला की मुलीचाही गेला, आणि मग परीक्षेच्या ऐन वर्षी पोरीला उचलून कुठे ठेवणार? डीन गुळमुळीत बोलले होते, की पहिली तुकडी नीट पार पडू दे, मग तुमच्या कराराचं बघतो. एवढ्याच शब्दांवर बेंद्र्यांचं घर टांगलेलं होतं.

आणि गुरुवारी दुपारी रीम एकशे एकोणीस पेशंट घेऊन आली.

"एकशे वीस लागतात," ते म्हणाले.

"एक जण बुरैदाला मुलाकडे राहायला गेला, सर. नोंदणीची मुदत आज संपते. मी एकशे एकोणीसच लिहिते. जे आहे ते."

आता खरं सांगायचं तर एकशे एकोणिसांनी संख्याशास्त्राचं काही बिघडत नाही, हे श्रीकांतरावांइतकं त्या इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हतं. पण मंजुरीच्या कागदावर त्यांनीच स्वतःच्या हाताने 'एकशे वीस, कमी नाही' असं लिहिलं होतं. विद्यार्थ्यांना धाक असावा म्हणून. समितीत बसणाऱ्यांना शास्त्र कळत नव्हतं, वजाबाकी कळत होती. कागद परत आला असता, तुकडी अडकली असती आणि दोष आला असता बेंद्र्यांवर. त्यांनी रीमला घरी पाठवलं. म्हणाले, बाहेरच्या नर्सकडे एक नाव आहे, मी बघतो.

मग त्यांनी दार लावून घेतलं आणि एक माणूस तयार केला.

विद्यार्थ्यांना ते बजावत, की फाइल दाखव नाहीतर ओळ खोड. आणि घरी येऊन हेच मराठीत सांगत, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. खोटे आकडे कसे पकडावेत हा त्यांचा आवडता तास होता. बनवणारा माणूस आकड्यांच्या शेवटच्या अंकात सापडतो, तिथे तो नकळत तेच ते अंक लिहितो, हे ते दरवर्षी रंगवून सांगत. म्हणून त्यांनी आकडे बनवलेच नाहीत. स्वतःचेच घातले. स्वतःची उंची, वजन शहात्तर, कपाटातल्या रिपोर्टातली साखर. जन्मतारीख घातली १/७/१३८५ हिजरी, म्हणजे वय आपल्याएवढंच. ज्यांच्या जन्माची नोंद नाही अशा जुन्या माणसांना सरकारने सरसकट सातव्या महिन्याची पहिली तारीख देऊन टाकली होती, तेव्हा कोणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. धंदा: खजुराच्या बागेत मजूर. फोन: नाही. डावा तळवा: दहापैकी दहा.

राहिलं संमतीपत्र. अरबी मजकूर होता, चार परिच्छेद. श्रीकांतरावांना त्यातलं फक्त शीर्षक वाचता येई. अशिक्षित पेशंटांना ते मनात 'अंगठेबहाद्दर' म्हणत. तेव्हा सहीच्या जागी त्यांनी निळ्या शाईच्या पॅडवर स्वतःचा उजवा अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. ठसा जरा पुसट आला. तीन महिन्यांनी या माणसापुढे 'पुन्हा आला नाही' असं लिहिलं की काम झालं असतं. अभ्यासातून हरवलेला पेशंट ही संख्याशास्त्रातली सर्वांत सोयीची वस्तू आहे; त्याला कोणी शोधायला जात नाही.

शाई साबणाने निघाली. संध्याकाळी त्यांनी हसावी, म्हणजे तिथल्या तांबड्या तांदळाचा पुलाव दोनदा घेतला.

फेब्रुवारीत ते रीमच्या तक्त्यात 'पुन्हा आला नाही' लिहायला बसले, तर ती ओळ भरलेली होती. वजन चौऱ्याहत्तर पूर्णांक तीन. डावा तळवा, दहापैकी दहा. अक्षर रीमचं, गोल आणि स्वच्छ.

श्रीकांतराव आधी चरकले आणि मग त्यांना अतोनात आनंद झाला. म्हणजे ही सत्यवानाची सावित्रीसुद्धा आकडे बनवते! 'जे आहे ते' म्हणणारी! जो माणूस नाहीच त्याचे पाय तिने कसे तपासले? अर्थात हे तिला विचारायची सोय नव्हती. चोराने चोराला पकडलं तरी चौकीवर न्यायचं कसं?

त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं. "एकशे वीस आला होता का?"

"हो सर. साडेसातलाच येऊन बसला होता. बाकीच्यांना मी तीन-तीन फोन करते, तेव्हा कुठे निम्मे येतात. हा आपणहून आला."

"कसा आहे दिसायला?"

रीम विचारात पडली. कपाळाला आठी घालून तिने खरोखर आठवून पाहिलं. "सांगता येणार नाही, सर. मी पायच बघितले. टाचांना भेगा होत्या, त्यांत माती होती. ओली."

किती सफाईने खोटं बोलते, असं त्यांच्या मनात आलं. ओल्या मातीचा तपशील तर फारच छान होता.

त्याच आठवड्यात बसम्याने त्यांना पहिला लाल दिवा दाखवला. त्यांनी अंगठा पुसला, पुन्हा टेकवला. लाल. मागे रांग उभी होती, कोणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणालं. पाचव्या खेपेला त्यांनी नाद सोडला आणि कारकुनाच्या कागदी वहीत सही केली. दुसऱ्या दिवशी तेच. अंगठ्यावर त्यांनी खोबरेल चोळलं, गरम पाण्यात बुडवून पाहिला. खिडकीतल्या उजेडात धरला तेव्हा टोकाच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्यासारख्या वाटल्या. कोरडी हवा, दुसरं काय, असं ते स्वतःला म्हणाले.

घरी त्यांनी वजन केलं. चौऱ्याहत्तर पूर्णांक तीन.

त्या सुट्टीच्या सकाळी ते पलंगावर पाय पसरून बसले आणि खराट्याची एक काडी घेऊन डाव्या तळव्याला टेकवू लागले. टाच, कडा, चवडा, करंगळी. अंगठ्यापाशी काडी वाकली तरी काही कळलं नाही.

"अहो, गुदगुल्या कसल्या करून घेताय सकाळी सकाळी?" सरोजवहिनी दारातून म्हणाल्या.

"साखर तपासतोय."

"पायाने?" वहिनी जवळ आल्या आणि त्यांनी चादरीवर हात फिरवला. "ही माती कुठून आणलीत पलंगावर? बागेत गेला होतात की काय?"

गेले नव्हते. अकरा वर्षांत श्रीकांतराव एकाही बागेत गेले नव्हते. तिथे डास असतात आणि अंगठेबहाद्दर असतात, असं त्यांचं मत होतं. चादर वहिनींनी धुवायला टाकली. चिकणमातीचा डाग धुतल्यावरही फिकट तांबूस राहिला.

पेशंटांचे मूळ कागद रेकॉर्ड रूममध्ये असत आणि रेकॉर्ड रूम म्हणजे हुसेनमियाँ. दापोलीकडचा हा माणूस सव्वीस वर्षं त्या तळघरात फाइली लावत होता. त्याचंही नाव यादीत आलं होतं. एप्रिलअखेर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत. श्रीकांतराव त्याला फारसं मोजत नसत. फाइली लावायला काय अक्कल लागते?

"हुसेनमियाँ, पायाच्या अभ्यासातली एकशेविसावी फाइल द्या."

हुसेनमियाँनी ती काढली, पण लगेच हातात दिली नाही. "साहेब, ह्या माणसाचं एक बघून ठेवलंय मी. पयला अंगठा बघा, नोव्हेंबरचा. पुसट. आता हा फेब्रुवारीचा बघा. रेषा न् रेषा दिसते. माझ्या हातून लाखभर अंगठे गेले असतील. माणूस कामाला लागला की अंगठा झिजत जातो, साहेब. भरत जाताना मी कधी बघितला नाय."

श्रीकांतरावांनी दोन्ही ठसे पाहिले. घोटाळा नको म्हणून त्यांनी भिंग घेतलं. पहिला ठसा त्यांचा होता. दुसराही त्यांचाच होता. मधोमध लहानपणी विळीने कापल्याचा तिरका व्रण होता, तो नव्या ठशात जास्त ठसठशीत उमटला होता.

"तुम्हाला अरबी चांगलं येतं ना? यात काय लिहिलंय?"

हुसेनमियाँनी चष्मा चढवला आणि बोटाने ओळ धरून वाचलं. "मी आपल्या मर्जीने यात सामील होतोय. अभ्यास संपेस्तोवर नेमल्या दिवशी हजर राहीन. मी स्वतः येईन, माझ्या जागी दुसऱ्या कोणाला पाठवणार नाय. बाकी नेहमीचंच." फाइल मिटून त्यांनी ती टेबलावर ठेवली, आणि मग आठवल्यासारखं म्हणाले, "तो तुमची चौकशी करत होता."

"कोण?"

"हाच. फेब्रुवारीत कागद द्यायला खाली आला होता. बेंद्रेसाहेबांचा करार झाला काय, म्हणून विचारलंन. पोरीची बारावी आहे ना, म्हणाला."

तळघरातला एसी घरघरत होता. श्रीकांतरावांनी फाइल पुन्हा उघडली. "कुठल्या भाषेत बोलला?"

हुसेनमियाँनी चष्मा काढला. "तेच मला आठवत नाय, साहेब. मला समजलं एवढं खरं. म्हणजे मराठीतच बोलला असणार."

खालून वर येईपर्यंत श्रीकांतरावांनी या सगळ्याचा अर्थ लावून टाकला. हुशार माणसाला अर्थ लावायला वेळ लागत नाही. तीच तर हुशारीतली खोट आहे. रीमने कोणीतरी भाड्याचा मजूर उभा केला होता आणि हुसेनमियाँ निवृत्तीच्या दुःखात भ्रमिष्ट झाला होता. ठशाचं काय, ते त्यांनी पुढे ढकललं. मेच्या तपासणीला आपण स्वतः बसायचं आणि या पोरीला रंगेहाथ पकडायचं. मग ती आपल्या मुठीत. उद्या हिलाच आपल्या जागेवर बसवणार आहेत अशी कुजबुज होतीच. कानामागून आली आणि तिखट झाली!

एप्रिलअखेर हुसेनमियाँचा केक कापला. श्रीकांतराव गेले नाहीत. डाव्या पायाची तीन बोटं त्यांना आता कळत नव्हती, जिन्यावर तोल जाई.

मेमधल्या त्या रविवारी ते सव्वासातला पायांच्या क्लिनिकमध्ये जाऊन बसले. लहानशी खोली, एक उंच खाट, तिच्याभोवती निळा पडदा. पडद्याच्या अलीकडे एक खुर्ची होती, तीवर ते बसले. बाहेर ऊन आत्तापासूनच भाजत होतं. खोलीत डेटॉलचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा एक, पाटाला नुकतं पाणी सोडल्यावर येतो तसा.

साडेसातला रीम आली. "सर? तुम्ही?"

"बघतोय. तुझं चालू दे."

ती पडद्याआड गेली. तिने कोणालातरी अरबीत डोळे मिटायला सांगितलं.

श्रीकांतराव दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांच्यासमोरून कोणीही आत गेलेलं नव्हतं.

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, आणि ते खाली वाकले तेव्हा खाटेवरून लोंबणारे दोन पाय त्यांना दिसले. काळपट, टाचांना भेगा, भेगांत चिकणमाती. मातीचा एक थेंब फरशीवर पडला.

"ऐवा," असा पुरुषाचा आवाज आला.

त्याच क्षणी श्रीकांतरावांच्या डाव्या टाचेला, बुटाच्या आत, मोज्याच्या आत, काहीतरी टोचलं.

"ऐवा."

तळव्याची बाहेरची कड. बूट आपोआप मागे सरकला.

"ऐवा."

कमानीचा मध्य.

"ऐवा."

चवड्याखाली.

मग पाचव्यांदा "ऐवा" झालं आणि त्यांना काही जाणवलं नाही. सहाव्यांदाही नाही. ते खुर्चीचे हात धरून, घामाघूम होऊन, त्या पुढच्या स्पर्शाची वाट पाहू लागले. आयुष्यात एवढ्या कळवळून त्यांनी कशाची वाट पाहिली नव्हती. सात. आठ. नऊ.

दहा.

आवाज शांत होता, थोडा खालच्या पट्टीतला. कुठेतरी ऐकलेला.

त्यांनी उठून पडदा ओढला. रीम एकटीच उभी राहून लिहीत होती. खाटेवर अंथरलेला कागद ओला होता.

"कुठे गेला?"

"आत्ता गेला, सर," रीम बावरून म्हणाली. "तुमच्या समोरूनच गेला. तुम्ही त्याच्याकडे बघून मान हलवलीत."

आठवड्याने रीमचा प्रबंध सादर झाला. समितीने एकशे वीस मोजले आणि समाधान पावली. पहिली तुकडी पार पडली, वर्तमानपत्रात फोटो आला. श्रीकांतरावांना वाटलं होतं, आता हजेरीवरून आपल्याला धरतील. फेब्रुवारीपासून यंत्राने त्यांना एकदाही ओळखलं नव्हतं. पण आस्थापना विभागातल्या तरुण कारकुनाने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि कौतुकाने म्हणाला, "डॉक्टर, तुमच्यासारखी हजेरी कोणाची नाही. रोज साडेसात. बरोब्बर. शुक्रवारीसुद्धा."

शुक्रवारी कॉलेज बंद असे. श्रीकांतरावांनी पुढ्यातल्या कागदावर सही केली. एक वर्षाचा करार मिळाला होता.

घरी शिवांगी उड्या मारत होती, "बाबा, यू डिड इट!" सरोजवहिनींनी शिरा केला. ते सगळं त्यांनी दुरून पाहिल्यासारखं पाहिलं. उजव्या पायाचीही दोन बोटं आता गेली होती.

जुना इकामा संपायला नऊ दिवस उरले असताना नवा आला. कारकुनाने कार्डाचे तपशील पडद्यावर काढले. नाव बरोबर. फोटो बरोबर. जन्मतारीख: १/७/१३८५.

"तारीख बरोबर आहे ना?" त्याने विचारलं. "चुकली असली तर आत्ताच सांगा. मग पासपोर्ट, दूतावास, नवा अर्ज. दोन महिने धरा."

दोन महिने. तोवर इकामा संपणार, शाळा तो मागणार, शिवांगीचं बारावीचं नाव कटणार. श्रीकांतरावांचा जन्म मार्चमधला. होळीच्या दुसऱ्या दिवसाचा, असं त्यांची आई सांगायची. ते त्या तारखेकडे पाहत राहिले. ती त्यांच्याच अक्षरात पहिल्यांदा लिहिली गेली होती, एका गुरुवारी, दार लावून.

आता त्यांना भीती वाटली.  आणि त्याहून शिवांगीचा चेहरा मोठा होता.

"ऐवा," ते म्हणाले.

"खलास. इथे अंगठा."

यंत्राने अंगठा पहिल्या खेपेला ओळखला. हिरवा दिवा लागला.

ऑगस्टमध्ये त्यांच्या फोनवर दवाखान्याचा संदेश आला. अभ्यासाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली आहे. क्रमांक १२०, रविवारी सकाळी साडेसात, पाय धुऊन यावं. एकशेविसाव्या फाइलीवर त्यांनी कुठलाच फोन नंबर लिहिलेला नव्हता. त्यांनी ठरवलं, जायचं आणि रीमला सगळं सांगून टाकायचं. हा माणूस नाही, मी केला, खोड ती ओळ.

त्या रविवारी क्लिनिकच्या नर्सने फोनवरचा संदेश पाहिला आणि तोंडाकडे न बघता हात केला. "बूट बाहेर, कपाटात." त्यांनी तपकिरी बूट काढले, लाकडी कपाटात ठेवले आणि नर्सने कपाट लावून घेतलं. फरशी थंड असणार. त्यांना ती कळली नाही. ते निळ्या पडद्याआड गेले, खाटेवर बसले आणि त्यांचे पाय खाली लोंबू लागले.

रीम आली. गळ्यात नवं ओळखपत्र होतं, व्याख्याती, संख्याशास्त्र. ती खाली बसली आणि तिने त्यांचे पाय पाहिले. वर पाहिलं नाही. तेच तर तिला शिकवलेलं होतं.

"रीम," ते म्हणाले. निदान त्यांना तसं वाटलं.

"डोळे मिटा," ती अरबीत म्हणाली. त्यांना ते स्वच्छ समजलं.

डाव्या टाचेला दोरा टेकला. टोचलं! इतक्या महिन्यांनी, लख्ख, जिवंत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ऐवा," ते म्हणाले. एकामागून एक दहाही जागा लागल्या.

डोळे त्यांनी पुरते मिटले नव्हते. पडद्याखालच्या वीतभर फटीतून पलीकडची खुर्ची दिसत होती. खुर्चीपुढे तपकिरी बूट होते, पॉलिश केलेले, डाव्या नाडीच्या टोकाला काळा दोरा. बुटांत पाय होते.

पहिल्या चार स्पर्शांना ते बूट किंचित मागे सरकले. नंतर हलले नाहीत.